पंगतीतलं पंधरावं पान

पंधरावं पान मांडून झाल्याशिवाय हिरामणमामा पहिल्या पानावर मीठसुद्धा वाढत नसत. दोन तास घाम गाळून आलेले चौदा तगडे कबड्डीपटू मांडी घालून बसलेले, पोटात कावळे ओरडताहेत, समोर डाळीचं पातेलं वाफाळतंय, आणि एक जण अजून न्हाणीघरात आहे म्हणून सगळे ताटकळलेले! आमचा कप्तान सुखबीर हरियाणाचा. तो ताट वाजवून ओरडायचा, "मामा, भूख!" मामा पळी पाठीमागं धरून शांतपणे म्हणायचे, "कप्तान तू मॅटवर. हितं समदे सारखे." सुखबीरला मराठीचा गंध नव्हता, पण पळी पाठीमागं गेली की त्याला सगळं कळायचं.

आमचा संघ व्यावसायिक लीगमधला. त्याचं नाव सांगत नाही. आता तो संघही उरला नाही आणि नावात सांगण्यासारखंही काही उरलं नाही. पुण्याजवळ मारुंजीत एका जमीनदाराने आयटीवाल्यांना भाड्याने द्यायला बांधलेली चार मजली इमारत आमच्या संघाने घेतली होती. खाली जेवणघर, वर खोल्या, शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये मॅट. मामा त्या जमीनदाराचे लांबचे पाहुणे, रिहे गावचे. घरची भातशेती, तरुणपणी गाजवलेली कबड्डी, मग गुडघा गेला आणि हातात पळी आली. मुळशीतल्या निम्म्या लग्नांच्या पंगती त्यांनी वाढल्या असतील.

मी तिथे पोहोचलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. संघात एकमेव स्थानिक आणि तोही राखीव. टीव्हीवर पाहिलेली माणसं समोर बनियनवर हिंडताना बघून माझी अशी काही तंतरली होती की पहिल्या दिवशी ताट घेऊन मी दाराजवळ कोपऱ्यात बसलो. मामांनी पाहिलं. पातेलं खाली ठेवलं, आले, माझं ताट उचललं आणि सरळ सुखबीरच्या शेजारी नेऊन ठेवलं.

"कुठला रं तू?"

"पौडच्या पलीकडचा."

"मंग पाव्हण्यावानी दारात काय बसतुयास? पंगतीत बस, भाच्या."

त्या दिवसापासून मी त्यांचा भाचा. खरं तर मामा सगळ्यांचेच होते, पण भाचा मी एकटा, आणि याचा मला फार माज होता!

समान वाढण्याचं त्यांचं वेड कधीकधी हास्यास्पद व्हायचं. आहाराच्या मॅडमनी एकदा तक्ता दिला, कुणाला किती भात, कुणाला किती चिकन. मामांनी तो तक्ता भिंतीला चिकटवला, त्याला हळदीचं बोट लावलं आणि सगळ्यांना सारखंच वाढलं. मॅडम चिडल्या. मामा म्हणाले, "बाई, आदी सारखं वाढतो. ज्याला नगं त्यानं ठिवावं. पर एकाच्या ताटात बघून दुसऱ्यानं आवंढा गिळला, तर ते अन्न अंगी लागत न्हाई." सुखबीरने ते वाक्य पाठ केलं आणि कुणी चढाईत गुण घेतला की तो विनाकारण ओरडायचा, "अंगी लागत न्हाई!"

लीग सुरू झाली आणि आम्ही ओळीने सहा सामने हरलो. मालक लोक हादरले. मग एक दिवस बॅगा घेऊन एक गृहस्थ आले. त्यांना आम्ही 'रिकव्हरी सर' म्हणायचो. तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली, त्यात एक छोटा फ्रीज. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सरावानंतर एकेक खेळाडू वर जायचा आणि पोटावर कापूस दाबत खाली यायचा. "बस, विटामिन है," सुखबीर म्हणाला. चौदा जण गेले. मला बोलावलं नाही. राखीव खेळाडूवर कोण खर्च करतो!

मामांनी दोन आठवडे पाहिलं. तिसऱ्या मंगळवारी मी लसूण सोलत बसलो होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, "तू का न्हाई गेलास वर?"

"मला नाही देत."

"का? तू काय सवतीचा हायस?"

आणि पळीसकट माणूस जिना चढला! दुखऱ्या गुडघ्यावर तीन मजले. मी मागोमाग पळालो. रिकव्हरी सर लॅपटॉपसमोर बसले होते. मामा दारात उभे राहून म्हणाले, "सायेब, चौदा जणांस्नी देताय, ह्याला का न्हाई? पंगतीत बसवून एकाला उपाशी ठिवायची ही कुठली रीत?" सरांनी हिंदीत काहीतरी समजावलं. मामा हलेनात. "ह्याला बी द्या. न्हाईतर उद्या खाली चूल पेटनार न्हाई."

सर हसले. शुक्रवारी मला बोलावलं.

काय सांगू, त्या सुईचा आनंद मला आजही आठवतो आणि लाज वाटते! इंग्रजीत छापलेल्या कागदावर सही केली, बनियन वर केलं, बारीकसं टोचलं, आणि मी जिना उतरलो तो तीन-तीन पायऱ्या गाळत. आईला फोन केला, "मला पण दिलं गं!" काय दिलं ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. खाली मामांनी माझ्या पोटावरचा कापूस बघितला आणि समाधानाने मान डोलावली.

पुढचा महिना म्हणजे नुसती धमाल! आमच्या डाव्या कोपऱ्यात खेळणाऱ्याचा खांदा निखळला आणि मी संघात आलो. दुसऱ्याच सामन्यात शेवटची चढाई माझ्यावर आली. दोन गुणांनी मागे, समोर सहा जण. बोनस रेषेपलीकडे पाय टाकला, एकाने घोटा धरला, दुसऱ्याने कंबर, आणि त्या दोघांना ओढत मी मध्यरेषेवर हात टाकला. एका झटक्यात तीन गुण! स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. सुखबीर मला खांद्यावर घेऊन नाचला. पौडच्या एसटी स्टँडवर माझा फ्लेक्स लागला, त्यात माझा चेहरा मला स्वतःलाच ओळखू येईना इतका गोरा केलेला. पोलीस भरतीत खेळाडू कोट्यातून मी अर्ज केला होता. घरचे सगळे मला आत्ताच सलाम ठोकायला लागले होते.

आणि मग एका दुपारी ती चार माणसं आली. गळ्यात ओळखपत्रं, हातात सीलबंद बाटल्या. लघवीचे नमुने घ्यायला आलेले ते तपासनीस होते. मामांना वाटलं पाहुणे आले, त्यांनी चार पानं जास्त मांडली! त्यात सरावाने सुकलेल्या आमच्यापैकी कुणाला लघवीच होईना. मामांनी ताकाचा हंडा पुढे केला तर तपासनीस म्हणाला, "फक्त सीलबंद पाणी चालेल." मामांचा चेहरा उतरला. "माझ्या ताकावर संशय?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. आम्ही पोट धरून हसत होतो. आमचं ते एकत्र बसून शेवटचं हसणं.

तीन आठवड्यांत सगळं कोसळलं. पंधराच्या पंधरा नमुन्यांत बंदी असलेलं औषध सापडलं. रिकव्हरी सरांचा फोन बंद, फ्रीज रिकामा, सह्या केलेले कागद गायब. मालकांनी पत्रकारांना सांगितलं की खेळाडूंनी परस्पर काय घेतलं ते आम्हाला ठाऊक नाही. सगळ्यांवर तात्पुरती बंदी आली. सुखबीर दिल्लीची गाडी पकडायला निघाला तेव्हा मामांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. दाराला कुलूप लागलं. माझा फ्लेक्स कुणीतरी काढून गोठ्यावर टाकला.

माझी सुनावणी दोन महिन्यांनी होती. दोन वर्षांची बंदी आली की पोलीस भरतीचा अर्ज रद्दीत, आणि वय निघून गेल्यावर कुठला संघ? वकील म्हणाले, तुझी केस वेगळी आहे. तू यादीतच नव्हतास, दुसऱ्या कुणाच्या आग्रहाने तुला घेतलं. काही माहीत नव्हतं हे पटलं, तर सहा महिन्यांवर सुटशील. फक्त त्या माणसाला बोलवायला हवं.

म्हणून मी रिह्याला गेलो. मामी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "लग्नाच्या दोन सुपाऱ्या परत केल्या. पळीला हात लावत न्हाईत. भाकरीचा चतकोर मोडत्यात आन् उठत्यात. म्हनत्यात, पोराच्या ताटात मीच इख वाढलं." आतून मामा आले. एवढासा झाला होता माणूस. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "कवा जायाचं? मी येतो."

पुण्यातल्या एका कार्यालयात सुनावणी होती. समोर तिघे जण, मध्ये निवृत्त न्यायाधीश बाई. मामा धुवट धोतर नि टोपी घालून आलेले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

बाईंनी विचारलं, "तुम्ही स्वयंपाकी. या औषधांशी तुमचा काय संबंध?"

"वाढायचा संबंध, बाई. चौदा जणांस्नी वाढलं आन् ह्याला न्हाई, म्हून मी भांडलो. ह्याचं पान मी मांडाया लावलं."

"त्यात काय आहे, हे तुम्ही विचारलंत?"

मामा म्हणाले, "न्हाई. त्योच माझा गुन्हा. तीस वर्सं झाली, डाळीचा थेंब जिभंवर ठिवल्याबिगर मी कुनाला वाढलं न्हाई. आन् हितं न चाखता वाढाया लावलं. जी काय शिक्षा आसंल ती मला द्या. ह्याला खेळू द्या. ह्याला कायबी ठावं नव्हतं."

बाईंनी चष्मा काढून पुसला. वकिलांनी टेबलाखाली माझा गुडघा दाबला. म्हणजे जिंकलो! बाई माझ्याकडे वळल्या, आवाज मऊ झालेला. "तुम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. बरोबर?"

आता इथवर जे सांगितलं नाही ते सांगायला हवं. तिसऱ्या सुईच्या वेळी रिकव्हरी सर फोनवर बोलायला गॅलरीत गेले होते. टेबलावर बाटली होती. मी तिच्यावरचं नाव वाचलं, खाली येऊन मोबाईलवर शोधलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, खेळाडूंसाठी बंदी. मोबाईल खिशात घातला आणि जेवायला बसलो. त्यानंतर पाच वेळा मी तो जिना चढलो, स्वतःच्या पायांनी. खेळायला मिळत होतं ना!

एक शब्द बोलायचा होता. 'बरोबर.' चढाईत दम संपत आला की कानात जसं वाजतं तसं वाजत होतं. माझ्या शेजारी तो म्हातारा हात जोडून उभा होता, गळ्याची हाडं दिसत होती, आणि माझ्या वाटणीची लाज त्याने स्वतःच्या अंगावर घेतली होती.

"माहीत होतं," मी म्हणालो.

वकिलांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला. मी सगळं सांगितलं, बाटलीचं, मोबाईलचं, पाच वेळांचं. सांगताना आवाज चढत गेला, आणि खरं सांगतो, त्या तीन गुणांच्या चढाईनंतरही इतकं हलकं वाटलं नव्हतं. दोन वर्षांची बंदी लागली. पोलीस भरती गेली ती गेलीच. आज मी पौडला शाळेत मुलींना कबड्डी शिकवतो. मामा गेले त्याला आता वर्ष होईल.

पण त्या दिवशीची परतीची एसटी राहिली सांगायची. चांदणी चौक गेला, भूगाव गेलं, मामा खिडकीबाहेर बघत होते. मला वाटत होतं, आता शाबासकी देतील. पिरंगुटच्या पुढे ते माझ्याकडे वळले.

"म्हंजे तू चाखलं व्हतंस."

"हो मामा."

"आन् तरी गिळलंस."

"हो."

"मंग दोन म्हयने हे वझं माझ्या डोस्क्यावर कशापायी ठिवलंस रं, भाच्या?"

पंचांसमोर खरं बोललो म्हणून स्वतःवर खूश असलेला मी, मामींचं बोलणं ऐकूनही त्या ओट्यावर गप्प बसलो होतो. सीटची दांडी धरून खाली मान घातली.

पौडला उतरलो. स्टँडसमोरच्या हॉटेलात मिसळीचा वास सुटला होता. मामा थबकले. "भूक लागलीया," ते स्वतःशीच नवल केल्यासारखं म्हणाले आणि आत जाऊन बसले. मिसळ आली. रस्सा ओरपत, पाव बुडवत, कपाळावरचा घाम टोपीने पुसत ते भराभर जेवत राहिले. ताट पुसून झाल्यावर त्यांनी पोऱ्याला हाक मारून आणखी एक मिसळ सांगितली, आणि मला तिथेच, भर गिऱ्हाइकांत, हुंदका फुटला.