खाजणातले अकरा प्रोग्राम

मनाली तरे हिने संगणकातून माझा बुद्धिबळाचा खेळ काढून टाकला, तेव्हा मी आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. अंजूरच्या शाळेत मी तिला चौथीपर्यंत शिकवलं, निवृत्त झाल्यावर घराची पुढची खोली तिच्या संगणकांसाठी मोकळी करून दिली, आणि ही बाई मला न विचारता माझे घोडे-उंट हाकलून देते! जाब विचारला तर म्हणाली, "गुरुजी, महिनाभर मोजलंय. तुमच्याशिवाय तो खेळ कुनी उघडला न्हाय. आनि तुमीबी हराया लागलाव की अर्ध्यात बंद करताव."

खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

मनाली शेजारच्या वळ गावातल्या एका गोदामात संगणकांची देखभाल करते. गोदामवाले चार-पाच वर्षांनी जुनी यंत्रं भंगारात काढतात. मनाली ती मागून आणते, रविवारी माझ्या ओट्यावर उघडून बसते, धूळ झटकते, दोन मेलेल्यांतून एक जिवंत करते. अशी सात यंत्रं माझ्या खोलीत आहेत, त्यांवर गावची पोरं शिकतात, आणि आणखी वीस-बावीस आसपासच्या शाळांत. त्यांच्या अंगात नवं विंडोज पेलायची ताकद नाही, म्हणून मनाली त्यांच्यावर लिनक्स घालते. ही संगणक चालवणारी फुकट, मोकळी प्रणाली. कुणीही घ्यावी, आपल्या गरजेप्रमाणे कापावी, जोडावी आणि स्वतःचं नाव देऊन वाटावी. मनालीने तिच्या जोडणीला नाव दिलं 'खाजण'. खाडीला बांध घालून मिळवलेल्या जमिनीला आमच्याकडे खाजण म्हणतात, आमच्या वाडवडिलांनी त्यातच भात पिकवला. ते नाव ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, पण तिला तसं सांगितलं नाही.

पेनड्राइव्हवरून खाजण यंत्रात भरलं की त्याच्यासोबत काही प्रोग्राम आयतेच येतात. ते कोणते असावेत, यातच मनालीचा सगळा जीव. जगात असे प्रोग्राम हजारोंनी पडलेत, फुकट. पण मनालीचा हिशेब अकराचा. एका कामाला एकच, आणि बारावा आत यायचा असेल तर अकरातला एक बाहेर. "दोन दिले का मानूस इचार करत बसतो, कंचा उघडू. तितंच घाबरतो," ती म्हणते. तिच्या वडिलांना, तुळशीरामला, हळदीची गाणी वाजताना पडद्यावर रंगीत दिवे नाचवणारा प्रोग्राम हवा होता. त्यांनाही तिने साधाच घ्यायला लावला. घरच्या माणसालाही सूट नाही म्हटल्यावर माझा राग जरा निवला.

तिची निवडायची रीत मी आजवर कुठे पाहिली नाही. नव्या माणसाला खुर्चीत बसवायचं, एक काम सांगायचं आणि आपण मागे हात बांधून उभं राहायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. माणसाचं बोट जिथे अडलं, तिथे जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एक रेघ. माझ्यासारख्या मास्तरला हे बघवत नाही. समोरचा चुकतोय आणि आपण गप्प! एकदा मी मध्ये बोललो, तर तिने मला चक्क खोलीबाहेर काढलं. "तुमी सांगितलंत का परीक्षा त्याची होते. मना प्रोग्रामची घ्यायची हाय."

गेल्या वर्षी चंद्रा आली. आतल्या गावातली, शेतकरी घरातली, वळच्या दुसऱ्या एका गोदामात खोके उचलायच्या आणि चिकटपट्टी मारायच्या कामावर. पाठीचा मणका सरकला होता. ओझं उचलू नका, डॉक्टरांनी बजावलं होतं. गोदामात बसून करायचं काम एकच, संगणकावर मालाची नोंद. त्यासाठी छोटी परीक्षा होती, वीस नोंदी तक्त्यात भरायच्या. ती खुर्ची मिळाली तर चंद्राचं काम टिकणार, नाहीतर घरी बसावं लागणार. शिकलेलं असं तिच्या घरात कुणी नव्हतं आणि तिने स्वतः सातवीत शाळा सोडलेली.

दीड महिना ती ड्युटी सुटली की रिक्षाने अंजूरला यायची. पाठीला उशी लावून बसायची. पहिल्या आठवड्यात एका बोटाने, मग दोन, मग दोन्ही हातांनी. मनालीने खाजणात घातलेला तक्त्यांचा प्रोग्राम हलका होता आणि लिहिलेलं आपोआप जपून ठेवायचा. ही निवड तिने आमच्या विजेकडे बघून केली होती. आमच्याकडची लाइट कधी जाईल याचा नेम नाही. पोरांची कामं पुसली जायची, ती रडायची, म्हणून हा प्रोग्राम आला. खाजणातली सगळ्यात शहाणी निवड म्हणून मी त्याची तारीफ करत असे. चंद्राच्या वीस नोंदी अठरा मिनिटांत होऊ लागल्या, तेव्हा आम्ही तिघांनी माझ्या घरी वडे खाल्ले.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी चंद्रा आली ती दारातच उभी राहिली. नापास.

"समद्या भरल्या होत्या, ताई. येकबी चुकली न्हवती. बंद करताना इंग्रजीत कायतरी इचारलं त्यानं. मना वाटलं, अजून काय करायचं हाय का इचारतो. झालंय म्हनून मी 'नो' दाबलं."

मनालीला लगेच उमगलं. गोदामातला प्रोग्राम लिहिलेलं जपायचं की नाही, हे विचारत होता. आमच्या खोलीत हा प्रश्न चंद्राला कुणी कधी विचारलाच नव्हता. मनालीने तो उंबऱ्याबाहेरच ठेवला होता, मायेपोटी.

दुसऱ्या दिवशी मनाली अर्धी रजा टाकून चंद्राच्या सुपरवायझरकडे गेली. मीही गेलो. तो म्हणाला, "मॅडम, शीट खाली है, मैं पास कैसे करूँ?" मनाली म्हणाली, "गलती इसकी नहीं, मेरी है. मैंने ही इसे ग़लत चीज़ पर सिखाया." अनोळखी माणसासमोर, भर गोदामात, मान ताठ ठेवून. चाळीस वर्षं मी पोरांच्या चुका लाल शाईने दाखवल्या. माझ्या शिकवण्यात चूक होती, असं एकदाही कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही.  पुढच्या महिन्यात परत परीक्षा आहे, तोवर चंद्राला हलकं काम देतो, एवढं सुपरवायझरने कबूल केलं.

परत येऊन मनालीने तो लाडका प्रोग्राम काढायला घेतला. मी चिडलो. "लाइट गेली की पोरं परत रडतील! एकीसाठी सगळ्यांचं नुकसान?" ती माझ्याशी वाद घालत बसली नाही. तिने चंद्राला विचारलं. खाजणात काय असावं, हे तिने सरळ कुणाला विचारल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

चंद्राने पडद्यावरच्या रिकाम्या तक्त्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "जे भायेर हाय तेच हितं ठेवा, ताई. हितं गेलं तर परत लिवीन. तितं गेलं तर काय करू?"

मी पेनड्राइव्ह उचलून मनालीच्या हातात दिला.

गोदामात असतो तसाच, बंद करताना इंग्रजीत प्रश्न विचारणारा प्रोग्राम आला. पहिल्या आठवड्यात तीनदा लाइट गेली आणि खोलीत रडारड झाली. चंद्राच्याही नोंदी गेल्या. तिने कपाळाला हात लावला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मनाली मागे हात बांधून उभी. ओठ चावत होती, पण बोलली नाही.

दुसऱ्या परीक्षेच्या शनिवारी मनालीच्या स्कूटरवर मागे बसून मी वळला गेलो. आम्ही गोदामाच्या गेटबाहेर उभे होतो. आत सहा जणं बसली होती. पाव तास झाला असेल, आणि आतले पंखे घरघर करत थांबले. लाइट गेली. शेजारचा वॉचमन म्हणाला, "कंप्यूटर का बैटरी तो कब का मरा पड़ा है." मनालीने डोळे मिटून घेतले. मी देवाला शिव्या दिल्या, मोठ्याने.

दहा मिनिटांनी लाइट आली. आणखी अर्ध्या तासाने माणसं बाहेर येऊ लागली. कुणी म्हणत होतं सगळं गेलं, कुणी म्हणत होतं परत घ्यायला सांगू. चंद्रा शेवटी आली, पाठीवर हात ठेवून, हळू चालत.

"लाइट गेली तवा सोळावी भरत होते," ती म्हणाली. "चालू झाल्यावर पाह्यलं तर पंधरा जाग्यावर. मंग राह्यलेल्या पाच भरल्या. सायेबानं सोमवारपासून खुर्चीवर बस म्हनून सांगितलं."

"पंधराच्या पंधरा?" मनालीला खरं वाटेना.

"दर नोंदीला 'सेव्ह' दाबत होते. तुमच्या खोलीत तीनदा गेलं ना माझं."

 मनालीने स्कूटरची चावी माझ्या हातात दिली. "गुरुजी, तुमी चालवा. आज मना मागं बसायचं हाय."

मी चालवली. बुद्धिबळाचा राग कधीच गेला होता, पण तिला तसं सांगितलं नाही.