आधी मनोरा खाली

दोनशे फुटी मनोऱ्यावर बसून डबा खाणारी बाई मास्तरांच्या परसातल्या रेडिओच्या साठ फुटी मनोऱ्याला पाय लावायला तयार नव्हती. मास्तरांना हा सरळसरळ अपमान वाटला.

मनोरे दुरुस्त करायच्या धंद्यातले लोक तिला ‘आधी-खाली ताई’ म्हणत, कारण ‘आधी मनोरा खाली’ हे तिचं पहिलं वाक्य. नाव चिडवायला ठेवलेलं. तिनं ते स्कूटरच्या पेटीवर रंगवून घेतलं.

मास्तरांचा मनोरा उघडझापीचा. एकात एक बसणारे लोखंडी जाळीचे चार टप्पे. खालचं हँडल फिरवलं की तारेचा दोर वरचे तिन्ही ओढून उभे करतो. म्हणजे सगळा डोलारा एका दोरावर. दोर तुटला की टप्पे सपकन आतल्या आत खाली, आणि जाळीत अडकलेला पाय म्हणजे अडकित्त्यातली सुपारी. तिला हे काम शिकवणाऱ्या उस्तादांची पायाची चार बोटं अशीच गेली.

“पाच मिनिटांचं काम आहे, ताई,” मास्तर म्हणाले.

“उस्तादांचंही पाच मिनिटांचंच होतं.”

मास्तरांची घाई मात्र खोटी नव्हती. बावीस वर्षं दर रविवारी चार वाजता समुद्रापलीकडचा एक दोस्त त्यांना रेडिओवर भेटायचा. उद्या त्याच्या घशाचं ऑपरेशन. नंतर आवाज राहील याची हमी डॉक्टर देत नव्हते. आणि नेमकी आज अँटेना फिरवणारी मोटर बंद पडून अँटेना भलतीकडे तोंड करून रुसून बसली होती. सव्वातीन वाजले होते.

“मोबाईलवर बोला की,” मास्तरांच्या बायको, काकू, दारातून म्हणाल्या.

“मोबाईलवर काय, कुणीही बोलतं!” मास्तर कडाडले. मग ताईंकडे वळले, “मी वीस वेळा असाच वर गेलोय. काही झालं नाही.”

“झालं असतं तर सांगायला कोण आलं असतं?”

“सरका! मी चढतो!”

“चढा. पण काकूंना बुटाचं माप सांगून ठेवा. दुकानदार एकच बूट विकत नाही.”

मास्तर स्वतःच सरकले. तिनं हँडल फिरवून मनोरा खाली घेतला, जाळीतून आरपार जाड लोखंडी पाइप घातले आणि टप्प्यांचं वजन दोरावरून पाइपांवर टेकवलं. हँडल काढून पिशवीत टाकलं. मोटरची वीज तोडली. मग घरात जाऊन रेडिओचा माइकही उपसला.

“हे काय?”

“मी वर असताना तुम्ही बोललात, तर अँटेनाचा चटका मला.”

“माझ्यावर विश्वास नाही?”

“आहे ना. म्हणून तर रेडिओ ठेवला, नुसता माइक नेला.”

पट्टा लावून ती वर गेली. मोटर जळून कोळसा झाली होती. “आज ही व्हायची नाही!” ती वरून ओरडली. “हातानं फिरवते. दिशा सांगा!” मास्तर होकायंत्र घेऊन परसात नाचू लागले. डावीकडे, अजून डावीकडे, अहो माझ्या डावीकडे!

चार वाजले. खिडकीतून रेडिओवरचा घोगरा आवाज आला, “मास्तर, ऐकतोयस का?”

“ताई, माइक फेका! झेलतो मी!”

तिनं तिसरा बोल्ट आवळला. मग चौथा. हा आवाज आता विरला, तर हा म्हातारा जन्मभर आपल्या नावानं बोटं मोडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती एकेक पायरी मोजून, पट्टा सोडत-लावत उतरली.

दुसरी हाक बारीक आली. तिसरी त्याहून बारीक. माइक हातात पडताच मास्तर धावले.

“आहे! मी आहे!”

“उशीर केलास. आणि आवाज का असा दबका?”

“मनोरा खाली घेतलाय,” मास्तर ऐटीत म्हणाले. “दुरुस्तीला बाई आल्यात. नुसती घाई हो त्यांना! मीच थांबवलं. म्हटलं, जिवाशी खेळ नको.”

ताईंच्या ओठांवर अस्सल शिवी आली होती. पण पलीकडचा दोस्त हसला, घशातून खरखरत, पोटभर. उद्या हे हसू असेल-नसेल. तिनं शिवी गिळली आणि मागच्या पायरीवर जाऊन बसली.

काकूंनी तिच्यापुढे चहा ठेवला. “बोलू दे त्यांना,” त्या म्हणाल्या. “माझं शहाणपण चाळीस वर्षं याच आवाजात चाललंय.”