प्रॉम्प्टरचे दोन शब्द

लिहिण्याचा अधिकार नसताना लिहितोय, माफ करा. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. अप्पा चिकपेटेच्या बाजारात ब्लाउज शिवतात. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी जुन्या रंगभूमीवरच्या कलाकाराची मुलाखत हवी होती. अप्पांच्या एका गिऱ्हाईकाची आई, मालतीअक्का, फिरत्या नाटक कंपनीत नायिका होत्या. त्यांचे यजमान त्याच कंपनीत प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. ते जाऊन तीस वर्षं झाली होती.

मल्लेश्वरम, पहिला मजला, दुपारचे तीन. त्यांची मुलगी भाजीला गेलेली. घरात आम्ही दोघंच.

"समोर बसू नकोस रे," अक्का म्हणाल्या. "समोर प्रेक्षक बसतो. तू मुलाखत घेणारा, बाजूला सरक."

मी सरकलो, फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. त्या जुना प्रवेश म्हणू लागल्या. "उंबरठा मी ओलांडला, महाराज..." आणि अडल्या. मान किंचित डावीकडे कलली. मग एकदम, "पण दार तुम्ही लावलंत!"

असं चारदा झालं. मला वाटलं, आठवत असतील.

घरी हेडफोन लावून ऐकलं. प्रत्येक वेळी त्या अडल्यावर एक पुरुषी कुजबुज होती. अख्खं वाक्य नाही, पुढच्या वाक्याचे पहिले दोनच शब्द, जसं "पण दार..."

मी लगेच अक्कांना फोन करून ते सांगितलं.

"आवाज स्वल्प घोगरा आहे का रे?"

"हो, अक्का."

"त्यांचे फोटो आहेत माझ्याकडे. आवाज कुठेच नाही. येऊन ऐकवशील?"

"उद्याच येतो."

पण सकाळी सरांनी रेकॉर्डिंग ऐकलं. "मागून सांगत होतास? ही मुलाखत की पाठांतर? सुधारून आण, नाहीतर मार्क विसर."

खरं सांगितलं असतं तर वर्ग हसला असता. मी ती चारही ठिकाणं कापली आणि त्याच फाइलवर सेव्ह केली. दुसरी प्रत नव्हती. मार्क चांगले मिळाले.

अक्कांचे तीन फोन आले. "परीक्षा आहे, अक्का," मी म्हणायचो.

"सरी, सरी, ठीक आहे. अभ्यास आधी."

चौथा आलाच नाही. मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

तो आवाज कुणाचा, कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. आता पुरावाही नाही. तो मीच पुसला.

गेल्या आठवड्यात अप्पा दुकानातून आले, मापाची टेप गळ्यातच होती. म्हणाले, "मालतीअक्का गेल्या रे. पंधरा दिवस झाले. मुलगी सांगत होती, शेवटी शेवटी बेल वाजली की विचारायच्या, तो टेलरचा मुलगा आला का?"