पंचवीस मोजेपर्यंत

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. चाळीस वर्षं विड्या वळल्या, असल्या गोष्टींना वेळच नव्हता. चौथी शिकलेय, तेव्हा चुका काढत बसू नका.

सोलापुरात हैदराबाद रोडला विडी घरकुलात आमच्या दोन खोल्या. सून रेखा घरीच कॉम्प्युटरवर कंपन्यांच्या मुलाखतींचे व्हिडिओ कापते. बघणारा मध्येच सोडून जाऊ नये म्हणून कंटाळवाणं तेवढं काढायचं. ती मला समोर बसवते. कंटाळा आला की मी हात वर करायचा.

मागच्या महिन्यात एका टॉवेल कारखान्याचं काम आलं. त्यांचे आधीचे दोन व्हिडिओ लोकांनी अर्ध्यात सोडलेले. हाही सोडला तर पुढचं काम नाही, असं कारखान्याच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. रेखाचं जेवणात लक्ष नव्हतं.

व्हिडिओत निवृत्त होणारे एक कामगार, नरसय्या. मुलाखत घेणारी बाई विचारते, "इतक्या वर्षांतलं काय आठवतं?" म्हातारा गप्प. नुसता स्वतःच्या हातांकडे बघतो. मी सवयीनं विड्या मोजल्यासारखं मोजलं... पंचवीस. विड्यांचा एक कट्टा. मग तो म्हणाला, "सगळं चांगलं हाय की."

मी हात वर केला. रेखानं ते गप्प बसणं कापलं.

पुन्हा लावलं. म्हातारा गप्पच. पंचवीस.

"कापलं न्हाईस व्हय गं?"

"कापलंय आत्या. प्रश्न संपला की लगेच बोलतोय."

"मग ह्यो कशाला तोंड शिवून बसलाय?"

"चष्मा पुसा आधी."

चष्मा पुसला. भरदुपार, खिडकी उघडी. तिसऱ्यांदा पाहिलं – पंचवीस. मी विषय सोडला. वाद घालायची ताकद आता राहिली नाही. तिनं व्हिडिओ पाठवून दिला.

चार दिवसांनी साहेबांचा फोन आला. स्पीकरवर होता, मीही ऐकला.

"मॅडम, ह्या वेळी लोकांनी शेवटपर्यंत बघितला. ते आजोबा गप्प बसतात ना, तिथून तर कुणी हललंच नाही. ते कापलं नाहीत, बरं केलंत. पुढचं काम पाठवतो."

रेखानं व्हिडिओ उघडून पुन्हा पुन्हा पाहिला. "न्हाय हो आत्या, हितं कायबी न्हाय." तिला अजून दिसत नाही. मला दिसतं, साहेबांना दिसलं. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणतो, फाईल बिघडली असेल. बिघडलेली फाईल दर वेळी बरोबर पंचवीसच कशी भरेल?

नरसय्याला विचारला तो प्रश्न मला कधी कुणी विचारला नाही. विचारला असता तर मलाही एक कट्टाभर वेळ लागला असता.

आता मी हात वर करत नाही. रेखा विचारते, "आत्या, लक्ष हाय का तुमचं?"

हाय की.