आंब्याला जामीन

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण कोणाचे, असे विचारले तर मी आईवडिलांच्या आधी अमीनाखालांचे नाव घेतो. माझी आई त्याला हरकत घेत नाही.

आम्ही लासूर स्टेशनजवळचे धनगर. निजामाच्या राज्यात पुढचे शिकायचे तर औरंगाबाद गाठावे लागे. वडिलांनी लोकरीच्या व्यवहारातल्या ओळखीवर मला खालांच्या, म्हणजे पुढे मी मावशी मानलेल्या बाईंच्या, घरी ठेवले. खाला विधवा, घर नवऱ्याचे, पण कारभार धाकट्या दिराचा, कादरचाचांचा. पहिल्याच दिवशी खालांनी अंगणातल्या आंब्याकडे बोट दाखवून मला बजावले, "तू बकऱ्यांमधला माणूस. ह्या झाडाला तोंड लावलंस तर खुंट्याला बांधीन."

कोय लावून ते झाड त्यांनीच वाढवले होते. तांदूळ धुतलेले पाणीसुद्धा त्यालाच जाई. पण मोहोर काही येत नव्हता. म्हणून झाडाला धाक बसावा यासाठी दर हिवाळ्यात कादरचाचा कुऱ्हाड घेऊन त्याच्यापुढे उभे राहत. "फळ देत नाय, तोडूनच टाकतो." मग खाला आडव्या येत. "नक्को, कादरमियाँ. औंदा राहू द्या. मी जामीन." सगळे हसत आणि चहा होई.

शाळेत इतिहास उर्दूत, गणितही उर्दूत. आमच्या घरात ती भाषा कोणालाच येत नव्हती. न समजणाऱ्या भाषेत शिकवायचे आणि वर आम्हालाच मठ्ठ म्हणायचे, हा अन्याय मला आजही सहन होत नाही. सहामाहीत मी नापास झालो. हेडमास्तरांनी वडिलांना बोलावून सांगितले, "मेंढरं राखायला घेऊन जा. इल्म ह्याच्या नशिबात नाही." वडील मान खाली घालून म्हणाले, "व्हय, साहेब."

खालांना हे कळले तेव्हा त्यांनी बुरखा घातला, माझा कान धरला आणि सरळ शाळा गाठली.

"हेडमास्तरसाब, तुम्ही कुऱ्हाड उचलली, ठीक. पण आमच्याकडं जामिनाचंबी ऐकतात."

"कसला जामीन?"

"ह्या बकरीवाल्याचा. मी राहते. सालाना इम्तिहानात फेल झाला तर मीच ह्याला लासूरच्या गाडीत बसवीन."

"बाई, ही शाळा आहे, कचेरी नाही."

"मग सजा काहून सुनावता?"

हेडमास्तरांनी मला परीक्षेपर्यंत मुदत दिली. तेव्हापासून रोज दुपारनंतर आंब्याखाली बसून खाला माझ्याकडून उर्दूचे धडे वाचून घेत आणि अर्थ मराठीत सांगत. अडखळलो की म्हणत, "बकरीसारखं चघळत बसू नको, गिळ." मी पास झालो.

पुढे मी हैदराबादला कॉलेजात असताना झाडाला पहिल्यांदा मोहोर आला. नेमकी त्याच वेळी कादरचाचांना त्या जागी भाड्याची खोली बांधायची होती. मी सुट्टीत आलो तेव्हा अंगणात नुसता बुंधा होता.

"मी म्हणाले, मी जामीन," खाला सांगू लागल्या. "दरसाल म्हणते तसंच. ह्या वेळी ते हसले नाय. तवा समजलं."

मी चाचांना जाब विचारला. ते म्हणाले, "झाडाचं काय घेऊन बसलास? भाभींनीबी आता कुठं सोय होते का पाहावं." परक्या धनगराच्या पोराला घरात घेणाऱ्या बाईला तिच्याच घरातून वाट दाखवणारा हा माणूस दोन्ही वेळा तिच्याच हातचे जेवत होता. त्याच्यावरचा माझा संताप मी अजून विसरलेलो नाही, विसरायची इच्छाही नाही.

बी. ए. होऊन जालन्याला शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा खालांना पहिले पत्र लिहिले, त्यांनीच शिकवलेल्या उर्दूत. मराठीत ते असे होईल:

"खाला, सलाम. तुमचा बकरीवाला मास्तर झाला. इथे घराला अंगण आहे, विहीर जवळ आहे. आईही राहायला येते आहे. तिला तुमच्याशी बोलायचे आहे. कादरचाचांना विचारत बसू नका, मी रविवारी न्यायला येतो. येताना एक कोय घ्या. मोहोर कधी येईल याची घाई नाही. या घरात मी कुऱ्हाड ठेवलेली नाही."