नामाची सोयरीक

धारूरला सकाळी सात वाजता माझा इंग्रजी बोलायचा क्लास असतो. हजेरीच्या रजिस्टरची मागची पानं मी व्याकरणाच्या टिपणांसाठी राखून ठेवली होती. तिथं टिपणं राहिली बाजूलाच, विद्यार्थ्यांची वाक्यंच भरत गेली. पुढून हजेरी सरकतेय, मागून किस्से सरकतायत, आणि गेल्या महिन्यात दोघांची गाठ मधल्या पानावर पडली. नवरा म्हणाला, "दुसरं रजिस्टर आण." मी म्हटलं, किस्से इथंच राहतील, हजेरी घेईन सुट्ट्या कागदावर!

* * *

क्लास भरतो महालिंगअप्पांच्या भांड्यांच्या दुकानावर. खोली अप्पांची, त्यामुळं वयाच्या साठाव्या वर्षी पहिला बाकही अप्पांचाच.

माझी पद्धत साधी. फळ्याच्या मधोमध एक नाम लिहायचं आणि त्याला चालणारी क्रियापदं भोवती. पहिल्याच आठवड्यात मी सांगितलं, "होमवर्कला डू. पण मिस्टेकला मेक. डू मिस्टेक म्हणायचं नाही."

अप्पांनी हात वर केला. "गृहपाठ करतेत, चूक बी करतेतच. मंग एकाला डू अन् एकाला मेक कावून?"

मी नियम आठवून पाहिला. आठवला नाही, कारण नियम नाहीच. म्हटलं, "अप्पा, तसंच आहे. त्याला कारण नाही."

"असं व्हय! म्हंजे सोयरीक झालेली हाय म्हना की. पोरगी दिली त्या घरी दिली, आता इचारून काय उपयोग?"

बीएडला दोन वर्षं घालवूनही मला हे इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून आमच्या क्लासात नामाला क्रियापद लागत नाही, सोयरीक जमते.

* * *

क्लासातला बब्रुवान काळी-पिवळी जीप चालवतो. किल्ला बघायला परप्रांतातलं एक जोडपं त्याच्या जीपमधून आलं होतं. दोघं आळीपाळीनं एकमेकांचे फोटो घेत होते. बब्रुवानला वाटलं, बिचाऱ्यांचा जोडीनं एकही फोटो नाही. आपण काढून द्यावा.

तो पुढं झाला आणि छाती काढून म्हणाला, "सर, आय रिमूव्ह युवर फोटो?"

त्या भल्या गृहस्थाचा चेहराच उतरला. इथं फोटोला बंदी असावी, असं त्याला वाटलं. "सॉरी, सॉरी" म्हणत त्यानं मोबाईल काढला आणि बब्रुवानच्या डोळ्यांदेखत सकाळपासूनचे सगळे फोटो पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी बब्रुवान क्लासात म्हणाला, "मॅडम, लई गरीब मानूस. मी नुस्तं 'काढू का' म्हनलं, तर त्यानं सगळेच काढले!"

* * *

कळशा पुरवणाऱ्या एका कंपनीचा माणूस अप्पांच्या दुकानात आला होता. सुटाबुटातला, इंग्रजीतच बोलणारा. तक्रार अशी, की अप्पा फोन घेत नाहीत. खरं तर आदल्या दिवशी अप्पा अंघोळीला गेले होते आणि फोन काकूंनी उचलला होता. अप्पांनी सहा गिऱ्हाइकांसमोर खड्या आवाजात खुलासा केला, "सर, यस्टरडे माय वाइफ लिफ्टेड युवर फोन!"

त्या माणसाचा हात आधी खिशाकडं गेला!

काकू गल्ल्याजवळच उभ्या होत्या. त्यांनी गिऱ्हाइकांत उभ्या असलेल्या बब्रुवानला विचारलं, "काय म्हनले रं हे?"

बब्रुवान नको तिथं हुशार. "काकू, तुमी त्यांचा मोबाईल चोरला म्हनतेत."

काकू अप्पांशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी अप्पा क्लासात वेळेआधीच येऊन बसले होते. "मॅडम, आधी त्या फोनची सोयरीक नीट सांगा. त्याच्या पायी माझी मोडायची येळ आली!"

* * *

एकदा मात्र माझीच फजिती झाली. मी शिकवलं, की मराठीत मुलं परीक्षा देतात, इंग्रजीत ती एक्झाम टेक करतात. गिव्ह करतो तो शिक्षक.

"म्हंजे देनारा घेतो अन् घेनारा देतो?" अप्पा म्हणाले. "दुकानात असं चालू केलं तर शटरच पाडावं लागंल."

शेवटी बजावून सांगितलं, "ऑन सॅटरडे आय विल गिव्ह ॲन एक्झाम!"

शनिवारी गेले, तर सगळे वेळेवर हजर. पण कुणाकडं पेन नाही, कुणाकडं वही नाही. हाताची घडी घालून ऐसपैस बसलेले. माझं टेबल त्यांनी खोलीच्या मधोमध आणून ठेवलं होतं. त्यावर पाण्याचा तांब्यासुद्धा.

मी चिडून विचारलं, "हे काय?"

बब्रुवाननं शेजारच्याला कोपर मारलं. "गप बस बे, मॅडम पेपर देनार हायत." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तुमी देनार म्हनलात ना? द्या की निवांत. आमी बगतो."

मला इतकं हसू आलं, की त्या दिवशी परीक्षा कुणीच दिली नाही आणि घेतलीही नाही.

* * *

सारिकाला मात्र असल्या चुका परवडणाऱ्या नव्हत्या. घाटाखालच्या वस्तीवरची, मेंढपाळाची मुलगी. नर्सिंग चांगल्या मार्कांनी पास झालेली. पण दोन मोठ्या हॉस्पिटलांतल्या मुलाखतींत इंग्रजी प्रश्न आला की ती मुकी झाली होती. तिसरी मुलाखत पुण्याला होती. "या खेपेला न्हाई जमलं तर नर्सिंगचं नाव काढायची न्हाई," असं तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला ती पोर मनापासून आवडायची आणि तिची काळजीही वाटायची.

एकदा फळ्यावर लाइफ हे नाम होतं. सेव्ह, लूज, रिस्क, स्पेंड, सगळं लिहून झालं.

सारिका म्हणाली, "मॅडम, जीव लावनं कुठं हाय यात?"

"म्हणजे?"

"आमच्या एका कोकराची आय मेली. मी त्याला बाटलीनं दूध पाजलं, उशाशी निजवलं. जीव लावला त्याला. हे कसं म्हनायचं?"

"आय लव्ह्ड इट."

"लव्ह न्हाई वो. जीव लावला."

"मग, आय टुक केअर ऑफ इट."

"केअर तर ड्यूटी म्हनून बी करतेत."

मला उत्तर येत नव्हतं आणि उत्तर आलं नाही की मी चिडते. "नसेल इंग्रजीत! पण पुट लाइफ असलं काही बोललीस ना मुलाखतीत, तर तिथंच संपलं, सांगून ठेवते."

तिनं वहीत 'पुट लाइफ' लिहिलं आणि त्यावर मोठी फुली मारली.

* * *

मुलाखत शुक्रवारी झाली. शनिवारी सकाळी सारिका एसटीतून उतरून पिशवीसकट सरळ क्लासात आली आणि शेवटच्या बाकावर बसली. तोंड एवढंसं झालेलं. अप्पांनी मला खुणावलं, विचारू नका. पण मला राहवेना.

"काय झालं गं?"

"पयले सगळे प्रश्न बरोबर आले, मॅडम. टेक टेम्परेचर, गिव्ह इंजेक्शन, मेक द बेड, सगळ्या सोयरिकी नीट. मंग मोठे डॉक्टर बोलले. ते केरळचे, मराठी एक अक्षर येत न्हाई त्यांना. म्हनले, दुसऱ्या नर्स करत न्हाईत असं तू पेशंटसाठी काय करतीस?"

"मग?"

"तुमी नको म्हनलतात तेच तोंडातनं गेलं. 'सर, आय पुट लाइफ.'"

मी खुर्चीत बसले.

"ते म्हनले, 'यू मीन, यू सेव्ह लाइफ?'"

"अगं, मग हो म्हणायचं!" मी ओरडलेच.

"खोटं कसं बोलू, मॅडम? म्हनलं, 'नो सर. सेव्ह डॉक्टर डज. आय पुट.'"

अप्पा उठून तिच्या बाकाजवळ गेले. हळूच विचारलं, "मंग काय म्हनले, पोरी?"

"चष्मा काढला, पुसला. परत घालून माझ्याकडं बगितलं. मंग म्हनले, 'टेक युवर टाइम अँड जॉइन ऑन मंडे.'"

सारिकानं वही उघडली आणि रडवेल्या चेहऱ्यानं माझ्याकडं बघितलं.

"मॅडम, टाइम कुठनं घेऊ? सोमवार तर परवाच हाय!"