फाइव्ह-नाइनची खैरात

हौशी रेडिओ चालवणाऱ्यांमध्ये एक शिष्टाचार आहे, आणि त्याने आमच्या गटाचे जवळजवळ वाटोळे केले. दोन केंद्रांचा संपर्क झाला की प्रत्येकाने दुसऱ्याला त्याचा आवाज कसा पोचतो आहे ते दोन आकड्यांत सांगायचे असते. पहिला आकडा स्पष्टतेचा, एक ते पाच. दुसरा जोराचा, एक ते नऊ. शब्द न् शब्द कळला तर स्पष्टता पाच. खरखरीतून मधूनच एखादा शब्द हाती लागला तर दोन. माझ्या सातवीच्या मुलींना हे एका तासात समजले असते. प्रत्यक्षात मात्र सगळे सगळ्यांना ‘फाइव्ह-नाइन’ देत. समोरच्याने हौसेने, पदरचे घालून, कधी स्वतःच्या हाताने यंत्र जोडलेले असते. त्याला ‘तुमचे काही कळत नाही’ असे तोंडावर कोण सांगणार? जेवायला गेलेल्या पाहुण्याने आमटीला नावे ठेवू नयेत, त्यातलाच हा प्रकार.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी राजाजीनगरातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. आमचे घराणे पिढ्यानपिढ्या बेंगळुरूचेच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. रेडिओचा परवाना मी तिशी उलटल्यावर मिळवला, आणि तो मिळवून दिला जयनगरच्या अण्णांनी. अण्णा तार खात्यातून निवृत्त झालेले, आमच्याच आडनावबंधूंपैकी. परीक्षेसाठी मोर्सची टिंब-रेघांची लिपी शिकवताना त्यांनी माझी एकही चूक माफ केली नाही. ‘पुन्हा’ एवढा एकच शब्द ते बोलत. मलाही ती पद्धत मानवली. चौतीस गुणांचे पस्तीस न करणारी शिक्षिका म्हणून शाळेत माझीही ख्याती होती.

महाराष्ट्रात भूकंप झाला, टेलिफोन बंद पडलेल्या गावांच्या बातम्या वाचल्या, आणि आमच्या बावीस जणांच्या गटाला वाटू लागले की आपल्या शहरावर अशी वेळ आली तर आपण तयार असले पाहिजे. एरवी आमचे बोलणे एका उंच इमारतीवरच्या रिपीटरमार्फत चाले. हे यंत्र आमचे क्षीण आवाज पकडते आणि जोरात पुढे फेकते. पण वीज गेली, बॅटऱ्या संपल्या की रिपीटरही गप्प होणार. मग कोणाचा आवाज कोणापर्यंत थेट पोचतो, आणि जिथे पोचत नाही तिथे मध्ये कोणाला घ्यायचे, हे आधीच माहीत हवे. म्हणून दर बुधवारी संध्याकाळी आम्ही रिपीटर टाळून थेट सराव करू लागलो. प्रत्येकाने प्रत्येकाला हाक द्यायची, आकडे द्यायचे, आभार मानायचे. सूत्रसंचालन माझ्याकडे होते. आलेखाच्या मोठ्या कागदावर मी बावीस उभे आणि बावीस आडवे रकाने आखले आणि दीड वर्ष त्यांत आकडे भरले. तक्ता देखणा झाला. त्यात फाइव्ह-नाइनशिवाय फारसे काही नव्हते याचा संशय मला यायला हवा होता. एखाद्या वर्गात सगळ्याच मुलींना पैकीच्या पैकी मिळाले असते तर मी लगेच पर्यवेक्षिकेला बोलावले असते.

तो तक्ता घेऊन आम्ही सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतले. म्हणाला, “मला एकदा करून दाखवा. निरोप नीट पोचला तर आमच्या नियंत्रण कक्षात तुम्हाला एक टेबल देतो आणि गच्चीवर अँटेना लावायची परवानगी देतो.” त्या टेबलासाठी आम्ही दोन वर्षे अर्ज करत होतो. टेबल नसेल तर संकटाच्या दिवशी आम्ही बावीस हौशी माणसे आपापल्या घरी बसून एकमेकांना नमस्कार करत राहणार, एवढाच त्याचा अर्थ होता.

शनिवारी दुपारी तो माझ्या घरी आला. मेन स्विच बंद केला, बॅटरीवर संच सुरू केला. जयनगरहून अण्णांनी कल्पित निरोप पाठवायचा होता: एका शाळेत किती माणसे अडकली, किती जखमी, काय हवे. तक्त्याप्रमाणे राजाजीनगर आणि जयनगर एकमेकांना थेट, उत्तम ऐकू येत होते.

अण्णांनी हाक दिली. खरखरीत त्यांच्या आवाजाचा चढउतार ओळखू आला, शब्द नाहीत.

“फाइव्ह-नाइन, अण्णा,” मी सवयीने म्हटले. “निरोप सांगा.”

खरखर.

“फाइव्ह-नाइन. पुन्हा सांगा.”

पुन्हा खरखर. मध्येच ‘शाळा’ असे काहीतरी. गटातले आणखी दोघे मदतीला धावले. दोघांनीही अण्णांना आधी फाइव्ह-नाइन दिले आणि मग निरोप पुन्हा सांगायला सांगितले.

अधिकाऱ्याने कॉफीचा पेला खाली ठेवला. “मेडम, हे फाइव्ह म्हणजे काय?”

“पाचपैकी पाच. संपूर्ण स्पष्ट.”

“सरी, ठीक आहे. मग चौथ्यांदा का विचारताय?”

मी संच बंद केला. तो जाताना सौम्यपणे म्हणाला, “स्वल्प, थोडी आणखी तयारी करा. दोन महिन्यांनी बघू.” तो रागावला असता तर मला बरे वाटले असते.

त्या रात्री मला झोप आली नाही, असे लिहिण्याची पद्धत आहे. मला झोप आली, कारण मी उपाय ठरवला होता. मत विचारले की माणसे सभ्यपणाने उत्तर देतात, म्हणून मत विचारायचेच नाही. श्रुतलेखन घ्यायचे. दर बुधवारी एका केंद्राने एकमेकांशी संबंध नसलेले वीस शब्द वाचायचे. शब्द इंग्रजी, कारण गटात कन्नड, तमिळ, तेलुगू सगळेच होते; पण साधे: छत्री, बटाटा, शिडी, पितळ. बाकीच्यांनी जे ऐकू येईल तेच लिहायचे आणि रविवारच्या बैठकीत कागद माझ्याकडे द्यायचे. मी लाल शाईने तपासणार.

बैठकीत हशा पिकला.

“टीचर, पाटी-पेन्सिल पण आणायची का?”

“चुकलं तर अंगठे धरून उभं करणार. अँटेनाखाली.”

बँकेत काम करणारे एक तमिळ गृहस्थ होते, शहराच्या मध्यावर तिसऱ्या मजल्यावर राहत. ते गंभीरपणे म्हणाले, “माझ्या मुलाला बसवलं तर चालेल का? त्याचं अक्षर चांगलं आहे.”

पहिल्या बुधवारी अण्णांनी शब्द वाचले. मला सात ऐकू आले. रविवारी कागद हातात पडले तर बाकी जवळजवळ सगळ्यांना वीसपैकी वीस! सात कागदांवर मात्र अकरावा आणि बारावा शब्द उलटसुलट झालेले, तेही सारख्याच पद्धतीने. ही खूण मी वीस वर्षे ओळखत आले होते.

“तुम्ही एकमेकांना फोन करून यादी पुरी केलीत,” मी म्हटले.

बँकवाले म्हणाले, “टीचर, अण्णांना तीन मार्क कसे द्यायचे? सत्तरीचे आहेत. आपल्याला मोर्स त्यांनी शिकवलं.”

मी चिडले. टेलिफोन बंद पडल्यावर काय करायचे याचा सराव ही मंडळी टेलिफोनवर करत होती! मी बोलायचे ते बोलले. त्यातले काही शब्द शाळेतही वापरले नव्हते. पुढच्या बुधवारी अण्णांकडून नवे वीस शब्द वाचून घेतले, आणि या वेळी खरे कागद आले. तीन. चार. दोन. शून्य. माझा स्वतःचा पाच. घरी येऊन मी माझी नोंदवही काढली. अण्णांच्या नावापुढे दीड वर्ष, माझ्या सुवाच्य अक्षरात, दर आठवड्याला फाइव्ह-नाइन. दर आठवड्याला मी खोटे गुण दिले होते आणि पट्टीने रेघ मारून त्यांची नोंद ठेवली होती. मला ते इतके दिवस कळले कसे नाही? कारण सरावातले बोलणे ठरलेले असे. हाक, आकडे, आभार. न ऐकताही पुढचे वाक्य माहीत असे.

हे अण्णांना सांगायचे काम माझेच होते. कागद पिशवीत घालून मी जयनगरला गेले. अण्णा व्हरांड्यात बसले होते. त्यांनी एकेक कागद चष्म्याजवळ धरून पाहिला.

“हा माझा आहे? सगळे माझे?”

“हो.”

त्यांनी रस्त्यापलीकडे हात केला. तिथे चार मजली नवी इमारत उभी होती, नेमकी राजाजीनगरच्या दिशेला. “हिचं काम चाललं होतं तेव्हा मालक आपणहून आला होता. म्हणाला, अण्णा, तुमचा अँटेनाचा खांब आमच्या गच्चीवर लावून घ्या, नंतर जमणार नाही. मी म्हटलं, कशाला? सगळे फाइव्ह-नाइन देतायत. आता फ्लॅट विकले गेले. आता कोण लावू देतो?”

“चूक झाली, अण्णा.”

“चूक? मोर्समध्ये एक टिंब चुकलं की मी तुला पुन्हा पाठवायला लावायचो. आणि तू दीड वर्ष मला भिंतीशी बोलायला लावलंस!”

मी मान खाली घातली. मग एक गोष्ट डोक्यात आली आणि नको त्या वेळी तोंडातून गेली. “पण अण्णा, तुम्हाला तरी माझा आवाज कुठे येत असणार? मध्ये इमारत आहे ती दोघांच्याही मध्ये आहे. तुम्ही मला फाइव्ह-नाइन का देत होता?”

“तू देत होतीस म्हणून,” अण्णा म्हणाले.

आतून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला. अण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, “तुझे वीस शब्द कुठायत?”

“माझे?”

“तुझे. बाकीच्यांची परीक्षा घेणार ना? तुझी कोण घेतो?”

वेळापत्रकात मी एकवीस केंद्रे बसवली होती. स्वतःचे केंद्र घालण्याचे माझ्या मनातही आले नव्हते. परीक्षक परीक्षेला बसत नाही, इतके ते माझ्या अंगात मुरले होते.

त्या बुधवारी शब्द मी वाचले. रविवारचे कागद अण्णांनी मागवून घेतले आणि स्वतः तपासले, निळ्या शाईने. उत्तरेला आणि पश्चिमेला मी व्यवस्थित पोचत होते. मध्यावर बारा. दक्षिणेला कोणाकडे सहा, कोणाकडे चार. निम्म्या शहराला माझे बोलणे कळत नव्हते, आणि संकटाच्या दिवशी सगळ्या शहराचे निरोप गोळा करून पुढे पाठवायचे काम मी माझ्याकडे ठेवले होते.

कागद परत देताना अण्णा एवढेच म्हणाले, “नापास.”

खरे सांगायचे तर मला वाईट वाटले, आणि ते वाईट शहराबद्दल नव्हते. माझी खुर्ची जाणार होती. तीन दिवस मी अँटेना उंच करण्याचे हिशेब मांडत बसले, पण त्यातून निघाले एवढेच की एखाद्या टेकाडावर राहायला गेले तरच काही फरक पडेल, आणि असे टेकाड राजाजीनगरात नाही. चौथ्या दिवशी मी सूत्रसंचालन बँकवाल्यांकडे सोपवले. ते म्हणाले, “टीचर, माझ्या मुलाचं अक्षर उपयोगी पडणार, मी म्हणालो नव्हतो?”

जयनगरचे केंद्र कुठे ठेवायचे हा प्रश्न उरला. अण्णांच्या घरातून काही साधणार नव्हते. शनिवारी दुपारी मी हँडसेट आणि बॅटरी घेऊन त्यांच्याबरोबर भागातले रस्ते पालथे घातले. उद्यानाच्या फाटकापाशी, देवळाच्या पायरीवर, बाजाराच्या कोपऱ्यावर उभे राहून मी वीस वीस शब्द वाचले. लोक थांबून बघत. एका भाजीवालीने विचारले, “काय अक्का, बटाटा पाहिजे तर इथं आहे की, त्या डबीत कशाला ओरडताय?” मध्यावरून बँकवाले गुण कळवत. सहा. नऊ. पाच. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर सतरा आले.

“इथे मला तासन्तास उभं राहता येणार नाही,” अण्णा म्हणाले. “तक्त्यावरून माझं नाव काढ. तुझं घाल. तुला दुसरं काम नाही आता.”

म्हणून दुसऱ्या चाचणीच्या दिवशी अधिकारी बँकवाल्यांच्या तिसऱ्या मजल्यावर बसला होता, आणि मी उन्हात टाकीजवळ. अण्णा घडीची खुर्ची घेऊन आले होते. निरोप त्यांनीच लिहिला होता, तारेच्या कागदावर, मोठ्या अक्षरांत. मी वाचला. पलीकडून बँकवाल्यांचा आवाज आला: “थ्री-फाइव्ह. जखमींचा आकडा कळला नाही.”

अधिकाऱ्याच्या समोर त्यांनी ‘थ्री’ म्हटले होते. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि त्याच वेळी हँडसेट रस्त्यावर आपटावासाही वाटला.

“तेरा,” मी म्हटले. “एक, तीन. तेरा.”

“तीस?”

“हळू,” अण्णा म्हणाले. “एकेक आकडा. मध्ये श्वास घे.”

“एक. तीन.”

थोडा वेळ खरखर. मग बँकवाल्यांनी सगळा निरोप शेवटपर्यंत वाचून दाखवला. एकही शब्द गळला नव्हता. तिकडे अधिकारी काय म्हणाला ते आम्हाला ऐकू येणे शक्य नव्हते. टेबल मिळाले की नाही हे कळायला संध्याकाळ होणार होती, आणि पत्र हातात पडायला बहुधा आणखी वर्ष. मी हँडसेट बंद करायला बटणावर बोट ठेवले.

अण्णांनी माझा हात बाजूला केला आणि पिशवीतून दुसरा कागद काढला. “बंद कशाला करतेस? एकदा पोचला तो योगायोग असेल. हा पाठव.”